'ऑन इट्स लास्ट लेग्ज'ला मराठीत काय म्हणावं?

शाईचा_डाग

एका कादंबरीचा अनुवाद हातात आहे. 'ऑन इट्स लास्ट लेग्ज' हा वाक्प्रचार तिच्यात पाच ठिकाणी येतो आणि पाचही ठिकाणी एकच गोष्ट म्हणायची आहे असं दिसत नाही. वाक्यं अशी:

१. 'द प्रिंटर इज ऑन इट्स लास्ट लेग्ज.' (कचेरीतला कारकून, वैतागून)

२. 'बाय मार्च, द ट्रूस वॉज ऑन इट्स लास्ट लेग्ज.' (निवेदन, गंभीर)

३. 'सॉरी, आय ॲम ऑन माय लास्ट लेग्ज.' (सलग दोन पाळ्या करून घरी आलेली परिचारिका)

४. 'द टूर इज ऑन इट्स लास्ट लेग.' (एका वाद्यवृंदाबद्दल)

५. 'द ओल्ड मॅन इज ऑन हिज लास्ट लेग्ज, दे से.' (शेजारणींची कुजबुज)

कोशात 'शेवटच्या घटका मोजणे', 'मोडकळीस येणे', 'मरणोन्मुख' असे अर्थ दिलेत. पहिला सगळीकडे टाकला तर व्याकरणात बसतो, पण प्रिंटर घटका मोजतोय म्हटल्यावर हसू येतं आणि तिसऱ्या वाक्यातली बाई मरायला टेकल्यासारखी वाटते. ती फक्त दमली आहे. 'शेवटच्या पायांवर उभा' असं शब्दशः केलं तर कोणालाच काही कळणार नाही.

तीन गोष्टी हव्यात. अर्थाचा गाभा नेमका काय? कोणत्या नामाबरोबर मराठीत काय चालतं? आणि चौथ्या वाक्यात 'लेग' एकवचनी आहे, ती छपाईची चूक समजू का?

---

टाचण

चौथं वाक्य आधी यादीतून बाहेर काढा. ती चूक नाही, तो वाक्प्रचारच निराळा आहे.

एकवचनी 'लेग' म्हणजे प्रवासाचा टप्पा. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर नाकासमोर जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. अशा एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत कापलेल्या सरळ अंतराला खलाशी 'लेग' म्हणत. तिथून तो शब्द विमानप्रवासात आला, शर्यतीत आला. ४ × १०० मीटर रिलेत चार धावपटू आणि चार लेग. फुटबॉलमध्ये दोन सामन्यांची लढत असते, तिच्यातला 'सेकंड लेग'ही याच घरातला. तेव्हा दौरा 'लास्ट लेग'वर आहे म्हणजे तो शेवटच्या टप्प्यात आहे. सभागृहं भरभरून वाहत असतील, वादक जोमात असतील, फक्त आता थोडेच कार्यक्रम राहिलेत. तिथे 'दौऱ्याला घरघर लागली' असं लिहिलंत तर लेखकाच्या म्हणण्याच्या बरोबर उलटं होईल.

ओळखायची खूण: 'द लास्ट लेग ऑफ' असं आलं आणि पुढे प्रवास, शर्यत, मोहीम, दौरा यांपैकी काही असलं, तर टप्पा. 'इट्स', 'हिज', 'माय' असं सर्वनाम आणि 'लेग्ज' अनेकवचनी असलं, तर जीर्णावस्था.

तुमचं वाक्य मात्र मधलं आहे: सर्वनाम आहे, पण नाम एकवचनी. इंग्रजी लिहिणारेही कधीकधी शेवटचा 'एस' गाळतात आणि त्यांच्या मनात दुसरा अर्थ असतो. म्हणून फक्त वाक्यावर निकाल देऊ नका, मागचं-पुढचं पान वाचा. तिकिटं खपत असतील तर 'दौरा शेवटच्या टप्प्यात आलाय'. वाद्यवृंद आपसात भांडतोय, कार्यक्रम रद्द होतायत असं असेल तर एकवचन असूनही 'दौरा रडतखडत चाललाय'.

---

कोशकीटक

गाभ्याबद्दल. या वाक्प्रचारात तीन गोष्टी एकत्र असतात आणि मराठी पर्याय निवडताना बहुतेक वेळा त्यातली एखादी हातातून निसटते.

एक, ती वस्तू किंवा व्यक्ती वापरून, राबून, झिजून या अवस्थेला आलेली असते. दोन, ती अजून चालू आहे. तीन, शेवट जवळ आहे, पण त्याची तारीख ठरलेली नाही.

सगळ्यात जास्त चुका दुसऱ्या गोष्टीत होतात. 'प्रिंटरनं राम म्हटला', 'कंपनीनं गाशा गुंडाळला' हे वाचायला झणझणीत वाटतं, पण दोन्हीत खेळ संपलेला आहे. (गाशा म्हणजे खोगिरावरचं आच्छादन. ते गुंडाळलं म्हणजे स्वार मुक्काम हलवून निघालाच.) 'मान टाकली' तसंच. 'मान टाकायच्या बेतात आहे' असं केलं तर मात्र चालेल. यासाठी सोपी परीक्षा आहे: तुमच्या पर्यायाच्या पुढे 'पण अजून चालतंय' असं जोडून पाहा. 'शेवटच्या घटका मोजतंय, पण अजून चालतंय' हे निभतं. 'राम म्हटला, पण अजून चालतंय' हे निभत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे 'उतरती कळा लागली'. कळा चंद्राच्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीही कळा उतरतीच असते आणि अमावास्येला अजून जवळजवळ पंधरवडा असतो. म्हणजे हा प्रयोग ऱ्हासाच्या सुरुवातीलाही लागू पडतो. 'लास्ट लेग्ज' मात्र चतुर्दशीच्या आसपासचं आहे. युद्धविरामाला जानेवारीत उतरती कळा लागली असेल, मार्चमध्ये नव्हे.

'कालबाह्य' हा तिसरा सापळा. कालबाह्य यंत्र ठणठणीत असू शकतं, फक्त त्याचा जमाना गेलेला असतो. 'लास्ट लेग्ज'वरचं यंत्र उलट अगदी अद्ययावत असू शकतं, पण राबवून राबवून त्याची हाडं खिळखिळी झालेली असतात.

आणि 'शंभरी भरली'. ती शिशुपालाची. शंभर अपराध होईपर्यंत सूट, पुढे सुदर्शन चक्र. त्यात दोषारोप आहे: याचे कर्म असे की आता याचा शेवट व्हायलाच हवा. इंग्रजी वाक्प्रचारात असा न्यायनिवाडा नाही. जुलमी राजवटीबद्दल चालेल, प्रिंटरबद्दल विनोदानेच.

मूळ प्रतिमेविषयी एवढंच सांगतो की 'लेग्ज' म्हणजे इथे चालत राहण्याची ताकद. ज्या बातमीची चर्चा बरेच दिवस टिकेल तिला इंग्रजीत 'हॅज लेग्ज' म्हणतात, ते याच्या उलट टोकाचं. १७व्या शतकात 'लास्ट लेग्ज' हे दिवाळं निघायच्या वाटेवर असलेल्या माणसाबद्दलही म्हणत. त्यामुळे पैशाच्या संदर्भात 'डबघाईला आलेला' हा पर्याय अर्थाला धरूनच आहे, ओढूनताणून आणलेला नाही.

---

बोलीभाषक

वाक्प्रचाराला वाक्प्रचारच हवा हा हट्ट सोडला तर मराठीकडे यासाठी क्रियापदाची फार चांगली रूपं आहेत. कोशात ती सापडत नाहीत, कारण कोश शब्द देतो, रूपं नाही.

'-यचा नाही' हे रूप पाहा. 'हा प्रिंटर आता फार टिकायचा नाही.' वैतागलेल्या कारकुनाच्या तोंडचं पहिलं वाक्य हेच. यात अजून चालू असणं आहे, शेवटाचा अंदाज आहे आणि बोलणाऱ्याचा अनुभवही आहे. 'टिकणार नाही' म्हटलं तर माहिती होते, 'टिकायचा नाही' म्हटलं की जाणत्याचं मत होतं.

'काढणे' हे दुसरं. एखादा कालावधी निभावून नेणे या अर्थी. 'हा प्रिंटर हे वर्ष काढतो की नाही शंका आहे.' 'युद्धविराम महिना काढेल असं कोणालाच वाटत नव्हतं.' आजारी माणसाबद्दल 'रात्र काढायचे नाहीत'. कालावधी निवडणं तुमच्या हातात आहे. तो जितका लहान, तितकी अवस्था वाईट. 'लास्ट लेग्ज'मध्ये ही सोय नाही, 'काढणे'त आहे, तर वापरा. फक्त मूळ मजकुरात नसलेला काळ तुम्ही घालताय हे लक्षात ठेवा आणि पुढच्या प्रकरणात प्रिंटर तीन वर्षं चाललेला दाखवला असेल तर पंचाईत होईल.

'टेकणे' तिसरं: मरायला टेकला, बुडायला टेकली. हे खाली जाणाऱ्या क्रियांशीच जुळतं. 'काम संपायला टेकलं' कोणी म्हणत नाही, तिथे 'संपत आलं'. आणि '-त आला' हे रूप भावनाशून्य आहे: साबण संपत आला, सभा आटोपत आली. 'लास्ट लेग्ज'मध्ये जी दया, चिडचिड किंवा थट्टा असते ती '-त आला'मध्ये येत नाही. म्हणून ते इथे टाळा.

वस्तूंना त्यांची त्यांची झीज असते, हेही धरा. कापड विरतं, तळवा झिजतो, लाकडी खुर्ची खिळखिळी होते, इमारत मोडकळीला येते, दोरीचे पीळ सुटतात, बॅटरीत जीव राहत नाही, सुरी कितीही परजली तरी धार धरत नाही. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'लास्ट लेग्ज' पुरतं. मराठीत 'शर्ट शेवटच्या घटका मोजतोय' हे विनोदी लेखनात शोभेल. साध्या निवेदनात 'शर्ट इतका विरला होता की आणखी एक धुणं सोसलं नसतं' हे बरं.

---

शाईचा_डाग

'काढणे' डोक्यात आलंच नव्हतं, धन्यवाद. युद्धविरामाला 'घरघर लागली होती' असं आता मनात आहे. आणि प्रिंटरलाही 'घरघर लागली' करावं का? यंत्र आहे, आवाजही करतं, म्हणजे दुहेरी साधेल असं वाटतंय.

---

मुद्रितशोधक

दुहेरी साधणार नाही, घोटाळा होईल. 'घरघर' म्हणजे मुळात मरणाच्या वेळी घशातून येणारा श्वासाचा आवाज. पण जातं, पंखा, मोटार यांच्या आवाजालाही आपण घरघर म्हणतो. फरक रचनेत आहे. 'प्रिंटर घरघर करतोय' म्हणजे आवाज येतोय, कदाचित थोडं तेलपाणी हवंय. 'प्रिंटरला घरघर लागलीय' म्हणजे मरणाची. वाचताना डोळा 'प्रिंटर' आणि 'घरघर' एवढंच पाहतो आणि आवाजाच्या अर्थाकडे घसरतो. म्हणून आवाज करणाऱ्या यंत्राला घरघर लावू नये. संस्था, उद्योग, परंपरा, युद्धविराम यांना लावावी, कारण त्यांना आवाज नसतो आणि रूपक मोकळं राहतं. वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी हा शब्द फार वापरून झिजवलाय, हे मात्र खरं. एका पुस्तकात दोनदा आला की तिसऱ्यांदा खटकतो.

आता बाकीचे प्रयोग कुठे घसरतात ते एकेक करून.

'शेवटच्या घटका मोजणे': घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या ६०. पाण्यावर तरंगत ठेवलेली बुडाला भोक असलेली वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. म्हणजे हा प्रयोग तासांच्या हिशेबातला आहे, महिन्यांच्या नाही. माणूस, सरकार, राजवट यांना गांभीर्याने लागतो. आणि 'घटका भरली' हे त्याचं रूपांतर समजू नका. वाटी बुडाली, संपलं. कोशकीटक यांची 'पण अजून चालतंय' परीक्षा तिथे नापास.

'आचके देणे': या अर्थी बहुधा अनेकवचनी, आणि त्यात तडफड आहे. शांतपणे विझणाऱ्या गोष्टीला तो लावू नये. जी राजवट जाता जाता अटकसत्र चालवते तिला शोभतो. 'गचके खाणे' याच्याशी गल्लत होते. गचके खराब रस्त्यावर बसतात.

'धुगधुगी': भर शेवटावर नाही, उरलेल्या जिवावर आहे. 'युद्धविरामात अजून थोडी धुगधुगी होती' यात आशेचा धागा राहतो. मूळ परिच्छेदात बोलणी चालू असतील तर हा विचार करा.

'अखेरचा श्वास': इथे एकवचन-अनेकवचनावर सगळं अवलंबून. 'अखेरचा श्वास घेतला' म्हणजे गेला. 'अखेरचे श्वास घेतोय' म्हणजे जायचाय. हिंदीच्या प्रभावाने 'शेवटचे श्वास मोजतोय' दिसू लागलंय. मराठीत श्वास घेतात आणि घटका मोजतात. 'दम तोडला' हेही हिंदीच, मराठीत प्राण सोडतात.

'दिवस भरले': जपून. 'त्याचे दिवस भरले' म्हणजे मरण जवळ. 'तिचे दिवस भरले' म्हणजे बाळंतपण जवळ. मागचा संदर्भ ढिला असेल तर वाचक भलत्याच दवाखान्यात जाऊन पोहोचेल.

लेखनात 'मोडकळीस', 'मोडखळीस' नव्हे. 'उतरती कळा लागली', 'उतरत्या कळा लागल्या' नव्हे.

---

आडवा_प्रश्न

तिसऱ्या वाक्याला कोणी हात लावला नाही. तिथे मरणाचा संबंधच नाही, थकवा आहे. इंग्रजीत तोच वाक्प्रचार दोन्हीकडे चालतो, कारण पाय दोन्हीकडे गळतात. मराठीतही इथे पाय ठेवता येतात, हे एकच वाक्य असं आहे की मूळची प्रतिमा जशीच्या तशी वाचते: 'पायांत त्राण उरलं नाहीये', 'पायाचे तुकडे पडलेत', 'आता एक पाऊल टाकवत नाही'. 'मेटाकुटीला आले' हे अर्थाने जवळ आहे, पण त्यात शरीरापेक्षा परिस्थितीचा जाच जास्त आहे. कर्जानं, मुलांच्या हट्टानं, कामाच्या रगाड्यानं माणूस मेटाकुटीला येतो. 'हातपाय गाळले' तर नकोच, त्यात धीर सुटणं आहे. ही बाई धीराची आहे, दमली आहे एवढंच.

शिवाय ती 'सॉरी' म्हणतेय. म्हणजे कोणीतरी तिला काही विचारलंय किंवा बाहेर चल म्हटलंय आणि ती नकार देतेय. मराठीत ती 'क्षमस्व' म्हणणार नाही. 'नको गं, आज पायांत त्राणच नाही' यात 'सॉरी'सुद्धा येऊन जातं. समोर नवरा असेल तर 'गं' जाईल.

एक तक्रारही. संस्थांसाठी 'कुबड्यांवर चालणे' कोणी सुचवलं तर घाई करू नका. पायांच्या प्रतिमेशी जुळतं म्हणून मोह होतो. पण कुबड्यांवरची संस्था दुसऱ्याच्या आधारावर वर्षानुवर्षं आरामात चालू शकते. त्यात परावलंबन आहे, शेवटाची चाहूल नाही. 'लटपटणे' आणि 'डगमगणे' यांचंही तेच, लटपटलेलं सरकार पुन्हा उभं राहतं.

---

बोलीभाषक

'पायाचे तुकडे पडलेत' झकास. परिचारिकेच्या तोंडी तेच ठेवा, 'त्राण' थोडं पुस्तकी वाटतं.

---

वाटसरू

थोडं बाजूचं विचारतो. 'स्वान साँग', 'इलेव्हन्थ अवर' आणि 'डेज आर नंबर्ड' हेही शेवटाचेच. त्यांना हीच यादी चालेल का?

---

कोशकीटक

नाही, तिघांची तीन घरं.

'स्वान साँग' म्हणजे कलावंताची किंवा खेळाडूची अखेरची कामगिरी. हंस मरण्यापूर्वी गातो ही प्राचीन ग्रीकांची समजूत. त्यात झीज नाही, उलट ती कामगिरी सगळ्यात सुंदर असू शकते. 'हंसगीत' केलं तर मराठी वाचकाला नीरक्षीरविवेक आठवतो, मरण आठवत नाही. 'अखेरची मैफल', 'निरोपाचा सामना' असं क्षेत्र पाहून करा.

'इलेव्हन्थ अवर' बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातून आला, विसावा अध्याय, द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट. दिवसाचे बारा तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमाराचा, दिवस संपायला एकच तास बाकी. हा वस्तूच्या शेवटाचा नाही, काही करायला उरलेल्या वेळेचा वाक्प्रचार आहे. 'ऐनवेळी', 'अगदी शेवटच्या क्षणी'. 'अकराव्या तासाला' असं छापलेलं दिसतं, ते वाचून लोक घड्याळाकडे बघतात.

'डेज आर नंबर्ड' हा 'लास्ट लेग्ज'च्या सर्वांत जवळचा, पण त्यालाही झीज लागत नाही. धडधाकट मंत्र्याचेही 'दिवस भरत आले' असू शकतात. शब्दशः 'दिवस मोजणे' करू नका. मराठीत दिवस मोजतो तो वाट पाहणारा, सुट्टीची, सुटकेची किंवा पत्राची.

---

टाचण

याला एक जोड. अनुवाद कादंबरीचा नसून यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा किंवा सेवाकेंद्राच्या पत्रव्यवहाराचा असता तर यातलं काहीच वापरू नये. तिथे 'द ड्रम इज ऑन इट्स लास्ट लेग्ज' असं आलं तर वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं की ड्रम अजून किती पानं काढेल आणि कधी बदलायचा. 'ड्रम झिजला आहे, लवकर बदलावा लागेल' म्हणा आणि पुढे व्हा. ललित आणि तांत्रिक यात गल्लत झाली की तंत्रज्ञ घटका मोजत बसतो.

---

शाईचा_डाग

सगळं वाचून नवा मसुदा:

१. 'हा प्रिंटर आता फार दिवस टिकायचा नाही.'

२. 'मार्च उजाडेपर्यंत युद्धविरामाला घरघर लागली होती.'

३. 'नको गं, पायाचे तुकडे पडलेत नुसते.'

४. मागचं पान पाहिलं. तिकिटं संपलेली आहेत, वादक खुशीत आहेत. 'दौरा शेवटच्या टप्प्यात आला होता.'

५. 'म्हाताऱ्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या म्हणतात.'

पाचव्याबद्दल खात्री नाही.

---

मुद्रितशोधक

पाचवं बदला. 'गोवऱ्या मसणात गेल्या' हे वयाबद्दल आहे, प्रकृतीबद्दल नाही. ऐंशी वर्षांचा टुणटुणीत म्हातारा हट्ट करतो तेव्हा त्याला हे ऐकवतात, 'गोवऱ्या मसणात गेल्या तरी हौस फिटत नाही'. त्यात हिणवणं आहे. शेजारणी कुजबुजतायत, हिणवत नाहीत. 'पिकलं पान' उलट फार मऊ, आणि ते बहुधा म्हातारी माणसं स्वतःबद्दलच म्हणतात. मधला सूर हवा: 'म्हातारबाबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत म्हणे.' इथे 'म्हणे' आवश्यक आहे, 'म्हणतात' नको. मूळच्या 'दे से'मधली ऐकीव माहिती आणि थोडी चव दोन्ही 'म्हणे'त येतात. शेजारणींना म्हाताऱ्याविषयी आदर नसेल तर एकवचन करा: 'म्हातारा आता फार दिवसांचा सोबती नाही म्हणे.'

दुसऱ्यात 'मार्च उजाडेपर्यंत' आणि 'लागली होती' यांचं जमत नाही. 'उजाडेपर्यंत' म्हटल्यावर वाचक मार्चच्या आधीच्या काळाकडे पाहतो. 'बाय मार्च'साठी 'मार्च येता येता' किंवा 'मार्च उजाडला तेव्हा' घ्या: 'मार्च उजाडला तेव्हा युद्धविरामाला घरघर लागलेली होती.' 'लागलेली' केल्याने ती आधीपासून चालू असल्याचं कळतं.

---

बोलीभाषक

पहिल्यात 'दिवस' काढून टाका. 'आता फार टिकायचा नाही' पुरतं आणि पाचव्यातल्या 'फार दिवसांचा सोबती'शी पुनरुक्ती टळते, दोन्ही एकाच प्रकरणात असतील तर. कारकून जरा जास्तच वैतागलेला असेल तर 'हा प्रिंटर मोडीत काढायला झालाय' हेही आहे. पण त्यात निकाल दिल्यासारखं होतं, पुढच्या पानावर तो त्याच प्रिंटरवर काही छापणार असेल तर 'टिकायचा नाही'च ठेवा.

---

शाईचा_डाग

छापतो. पुढच्याच पानावर राजीनामा छापतो. 'टिकायचा नाही' कायम.